खुणांच्या भाषेची हकिगत

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिणे म्हणजे वाण्याची यादी आणि भिशीचा हिशेब. "मग एखादी पाककृती द्या," असे त्या म्हणाल्या. पण पाककृती द्यायला आपल्या मंडळात माझ्याहून सुगरण भगिनी पुष्कळ आहेत. म्हणून गेले वर्षभर ज्या विषयाने माझ्या मनात घर केले आहे, त्याचीच हकिगत लिहिते. इंग्रजी पुस्तकांतला मजकूर माझ्या थोरल्या मुलीने वाचून समजावून सांगितला. चूकभूल असेल ती माझी.

विषय असा की, तान्ह्या मुलांना खुणांची भाषा शिकवणे. तीही ऐकू न येणाऱ्या मुलांना नव्हे, तर चांगले ऐकू येणाऱ्या मुलांना!

गेल्या दिवाळीत माझ्या मावसबहिणीच्या लेकीचा अमेरिकेहून फोन आला, चेहरे दिसतात तसला. तिची मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. आई तिला केळे भरवीत होती. घास संपला की ती पोर दोन्ही हातांची बोटे चिमटीसारखी जुळवी आणि एकमेकांवर टेकवी. "मावशी, ती 'आणखी दे' म्हणतेय," लेक म्हणाली. दूध हवे असले की हाताची मूठ उघडायची आणि मिटायची, गाईची धार काढताना करतो तशी. तिकडे याचे वर्ग असतात व आया पैसे भरून ते शिकतात, असे कळले. आम्ही सगळ्या कौतुकाने बघत होतो.

माझ्या शेजारी वन्सं बसल्या होत्या. वन्संना जन्मापासून ऐकू येत नाही. त्याही टक लावून बघत होत्या. फोन बंद झाला तेव्हा त्यांनी त्या पोरीसारखीच बोटे जुळवून मला दाखवली आणि मग आपल्याच बोटांच्या पेरांवर पट्टी मारल्याची खूण केली. वन्सं ज्या शाळेत शिकल्या तिथे हात हलवलेला चालत नसे. मुले खुणा करताना दिसली की पट्टी बसे. हातांची घडी घालून, बाईंच्या ओठांकडे बघत आवाज काढायचा, एवढेच शिक्षण. मला हे ठाऊक होते, पण ठाऊक असून मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

एका मुलीच्या हाताला शाबासकी आणि दुसरीच्या हाताला पट्टी, हे झाले कसे? याचाच मी माग काढत गेले.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे एक बेट आहे. सतराव्या शतकात तेथे इंग्लंडातून माणसे येऊन राहिली. त्यांतली काही घराणी मूळची केंट परगण्यातली. १६९४ च्या सुमारास जोनाथन लँबर्ट नावाचा एक गृहस्थ तेथे राहावयास आला, तो बहिरा होता. बेटावरचा असा पहिला माणूस म्हणून त्याचेच नाव सापडते. बेट एकाकी, सोयरिकी आपापसातच. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून वारसा आला तरच मूल बहिरे व्हावे अशा तऱ्हेचे ते बहिरेपण होते. त्यामुळे ऐकू येणाऱ्या जोडप्याच्या पोटीही असे मूल येई, आणि ते कुठल्या घरी येईल हे सांगता येत नसे. एकोणिसाव्या शतकात साऱ्या अमेरिकेत साडेपाच-पावणेसहा हजार माणसांत एक बहिरे असे, तर या बेटावर १५५ माणसांत एक! चिलमार्क नावाच्या गावी तर पंचविसांत एक.

आता गंमत ऐका. त्या गावी कोणी बहिऱ्यांसाठी वेगळी सोय केली नाही. गावानेच खुणा शिकून घेतल्या. शिकून घेतल्या म्हणणेही बरोबर नाही. आपली मुले जशी मराठी बोलू लागतात तशीच तिथली ऐकू येणारी मुले लहानपणी इंग्रजीही बोलू लागत आणि हातांनीही. दुकानात, शेतावर, सभेत दोन्ही भाषा चालत. कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीत हातांनी बोलत, कारण समुद्रावर आवाज पोचत नाही. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना हळूच कुचाळक्या करायलाही खुणा सोयीच्या पडत! (आपल्या कीर्तनात ही सोय असती तर बुवांना केवढी शांतता मिळाली असती.) नोरा एलेन ग्रोस या बाईंनी १९७० नंतरच्या काळात बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांना भेटून हे सारे टिपून ठेवले आणि १९८५ साली त्यावर पुस्तक काढले. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की, अमक्या माणसाविषयी विचारले तर म्हातारी मंडळी तो उत्तम मासेमार होता वगैरे आधी सांगत. तो बहिरा होता हे त्यांना विचार करून आठवावे लागे. पुढे मुले बाहेर शिकायला गेली, लग्ने बाहेर झाली, आणि १९५२ साली बेटावरची शेवटची जन्मबधिर व्यक्ती वारली. भाषाही तिच्यामागे गेली.

ती मुले शिकायला जात ती बहुधा हार्टफर्डच्या शाळेत. ती शाळा १८१७ साली थॉमस गॅलॉडेट आणि लॉराँ क्लेर्क या दोघांनी काढली. क्लेर्क स्वतः बहिरे, पॅरिसच्या शाळेत शिकलेले. शाळेत खुणांनीच शिकवीत, आणि शिक्षकांतही बहिरी माणसे असत. म्हणजे आरंभ चांगला झाला होता.

मग १८८० साल आले. इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची मोठी परिषद भरली. दीडशेवर प्रतिनिधी, त्यांत बहिरा प्रतिनिधी अवघा एक! सुनांविषयीच्या बैठकीत एकही सून नसावी, तसेच हे झाले. खुणांपेक्षा तोंडी बोलणे श्रेष्ठ, तेव्हा शाळांतून तेच शिकवावे, असा ठराव तेथे १६० विरुद्ध ४ मतांनी झाला. त्यानंतर देशोदेशींच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या व बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडे मुंबईत मूकबधिरांची पहिली शाळा निघाली तीही त्याच दशकात, आणि आपल्याकडच्या शाळांतही पुढे पुष्कळ वर्षे तोंडी पद्धतच चालली. वन्संच्या बोटांवरची पट्टी मिलानहून शंभर वर्षे चालत आली होती, हे मला तेव्हा उमगले. २०१० साली कॅनडात व्हँकूव्हरला भरलेल्या तशाच परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एकशेतीस वर्षांनी!

मधल्या काळात खुणांची ही भाषा खरी भाषा आहे हे सिद्ध करायलाही एक माणूस लागला. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवणारे विल्यम स्टोको यांनी १९६० साली दाखवून दिले की, या खुणा म्हणजे हवेत काढलेली चित्रे नव्हेत. हाताची ठेवण, जागा आणि हालचाल यांपासून शब्द बनतात व त्यांना व्याकरण असते. आधी त्यांच्या सहकाऱ्यांनीच त्यांची टिंगल केली म्हणतात.

तेथून पुढे बहिऱ्या आईबापांच्या ऐकू येणाऱ्या मुलांकडे विद्वानांचे लक्ष गेले. १९८३ साली जॉन बॉनव्हिलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की अशी मुले पहिली खूण सरासरी साडेआठ महिन्यांची असताना करतात. तोंडाने पहिला शब्द साधारण वर्षाच्या सुमारास येतो. कारण सोपे आहे. जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ बसायला वेळ लागतो. हात आधी वळतो. आपलीही मुले आधी टाटा करतात, देवबाप्पाला जय करतात, बाहेर बोट दाखवून भुर्र जायचे म्हणतात, ताट रिकामे झाले की दोन्ही पंजे पालथे करून संपले असे दाखवतात. बोलणे मागाहूनच येते.

त्याच सुमारास जोसेफ गार्सिया नावाच्या दुभाष्याला, आपल्या बहिऱ्या स्नेह्यांची ऐकू येणारी बाळे किती लवकर आपले म्हणणे सांगतात, हे दिसले. इकडे कॅलिफोर्नियात लिंडा ॲक्रेडोलो या प्राध्यापिकाबाईंची वर्षाची मुलगी १९८२ साली स्वतःच खुणा करू लागली. फूल दिसले की नाकाने हुंगल्यासारखे करायचे. मासा दिसला की फुंकर मारायची, कारण पाळण्यावर टांगलेले मासे फुंकर मारून हलवलेले तिने पाहिले होते. या बाईंनी सुसान गुडविन यांच्यासह त्याचा अभ्यास केला, आणि १९९६ साली आईबापांसाठी पुस्तक काढले. २००४ साली एका गाजलेल्या इंग्रजी सिनेमात खुणा करणारे बाळ दिसले. मग वर्ग, पुस्तके, चित्रांचे पत्ते, सगळा बाजारच उभा राहिला. मूल लवकर बोलते, हुशार होते, अशी जाहिरात सुरू झाली.

ते कितपत खरे? ॲक्रेडोलोबाईंच्या २००० सालच्या अभ्यासात खुणा करणारी मुले बोलण्यात पुढे दिसली होती. परंतु २००५ साली कॅनडातील अभ्यासकांनी सतरा अहवाल तपासून, एवढा पुरावा पुरेसा नाही, असे म्हटले. २०१३ साली इंग्लंडात चाळीस मायलेकरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. बाळे आठ महिन्यांची होती तेव्हापासून वीस महिन्यांची होईपर्यंत पाहणी केली. खुणा शिकलेली मुले बोलण्यात पुढे गेली नाहीत. मागेही पडली नाहीत. बदल झाला तो आयांमध्ये. खुणा शिकणाऱ्या आया बाळाच्या हालचालींकडे अधिक लक्ष देऊ लागल्या.

मागेही पडली नाहीत, हे वाक्य मी मुलीकडून दोनदा वाचून घेतले. त्याचे कारण लिहायला मला संकोच वाटतो, पण लिहिते.

२००३ साली वन्संना मुलगा झाला. त्यांचे यजमानही बहिरे. मुलगा मात्र ऐकू येणारा. सासूबाईंना धास्ती पडली की आईबापांच्या खुणा बघून हा मुकाच राहील. मलाही तसेच वाटले. मी तर पुढे होऊन म्हटले की, दिवसभर त्याला माझ्याकडे ठेवू, म्हणजे कानांवर बोलणे पडेल. वन्संना आम्ही विचारलेसुद्धा नाही. एकदा त्या तीन दिवस आजारी पडल्या तेव्हा तो रात्रीही माझ्याकडेच होता. दहा महिन्यांचा. सारखा रडे आणि सारखे बोट नाकाच्या डाव्या बाजूला लावी. मला वाटले सर्दीने नाक चोंदले आहे. ओव्याची पुरचुंडी करून शेकले, छातीला तेल चोळले. तरी बोट नाकालाच. तिसऱ्या दिवशी वन्सं दारात आल्या. त्याने त्यांच्याकडे बघून तेच बोट नाकाला लावले आणि हसला. वन्संच्या नाकात डाव्या बाजूला चमकी आहे. त्यांच्या घरात ती 'आई'ची खूण होती.

तीन दिवस ते लेकरू आई, आई म्हणत होते, आणि मी त्याला ओव्याने शेकत होते.

तो पुढे वेळेवर बोलू लागला, भरपूर बोलू लागला. आता बँकेत, दवाखान्यात आईबापांचे बोलणे तोच समजावून सांगतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. 'आणखी', 'दूध', 'संपले' अशा दहा-वीस खुणा म्हणजे खुणांची भाषा नव्हे. दहा मराठी शब्द येणाऱ्याला मराठी येते असे आपण म्हणणार नाही. ऐकू येणाऱ्या बाळाला त्या शिकवल्या तर मजा आहे, न शिकवल्या तरी त्याचे काही अडत नाही. वर्षभरात ते बोलतेच. ज्याला ऐकू येत नाही त्या बाळाला मात्र खुणा दिल्या नाहीत तर पहिली काही वर्षे भाषाच मिळत नाही. नेमके त्यालाच त्या नाकारल्या, हे मला सर्वांत लागते.

आपल्याकडे उशिरा का होईना, काही झाले आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी सरकारी केंद्र स्थापन झाले, त्यांच्या कोशात दहा हजार शब्द झाले आहेत, व २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातही या भाषेचा उल्लेख आला. अमेरिकेतल्या खुणा वेगळ्या आणि आपल्या वेगळ्या, हेही मला याच निमित्ताने कळले.

या संक्रांतीपासून वन्सं दर गुरुवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत येतात आणि आम्हांला खुणा शिकवतात. आधी चौघीच होतो, मागच्या गुरुवारी अकराजणी होत्या. माझी बोटे अजून नीट वळत नाहीत आणि वन्सं हसतात. शिवणाच्या वर्गाची वेळ तीच असल्यामुळे दोघी-तिघींची पंचाईत होते. वेळ अर्ध्या तासाने पुढे न्यावी अशी विनंती मी चिटणीसबाईंना केली आहे.