शौर्याचा इतिहास आणि विवेकाचा प्रश्न

आपल्या स्मरणिकेत पूर्वजांच्या पराक्रमाच्या कथा दरवर्षी छापल्या जातात व त्या सर्वांस आवडतात. पराक्रमाची आठवण ठेवणे हे कृतज्ञतेचे लक्षण होय. परंतु युद्धाचा इतिहास कसा वाचावा व कसा लिहावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो ज्ञातिबांधवांपुढे मांडावा म्हणून हा अल्प प्रयत्न आम्ही करीत आहोत.

महाशिवरात्रीच्या यात्रेस तोरणमाळास गेलेली मंडळी गोरक्षनाथांचे दर्शन घेतात, मच्छिंद्रनाथांची गुंफा पाहतात व यशवंत तलावाच्या काठी विसावतात. हा सातपुडा जसा नाथांच्या तपाचा, तसाच रणाचाही आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी असते. १८१८ साली पेशवाई बुडाली व खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. डोंगरातील भिल्ल केवळ बळाने आवरेनात, तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांचेच एक पथक उभारले. पुढे १८५७ च्या धामधुमीत खाज्या नाईक व भीमा नाईक इंग्रजांविरुद्ध उठले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. इंग्रजी दप्तरात औट्रम हा थोर सेनानी ठरला आणि नाईक मंडळी बंडखोर ठरली. भिल्लांच्या हाती लेखणी नव्हती. त्यांची बाजू दप्तरात यावी कशी? सारांश, ज्याच्या हाती लेखणी, त्याचा इतिहास.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी दाखविला. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या घरांतील जुनी दप्तरे मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. १८९८ साली निघालेल्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे असून, त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत पानिपताच्या पराभवाची चिकित्सा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी आपली माणसे शौर्यास उणी पडली नाहीत. परंतु रसद तुटलेली, छावणीत उपासमार, सोबत न लढणाऱ्यांचा व यात्रेकरूंचा मोठा भार! केवळ जयघोषाने हे उमगत नाही. त्यासाठी कागदच बोलावे लागतात. राजवाडे १९२६ साली धुळ्यास निवर्तले व पुढल्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. १९९८ पर्यंत आपला नंदुरबार भाग धुळे जिल्ह्यातच मोडत असे. तेव्हा हा वारसा आपल्या घरचाच म्हणावयाचा.

त्याच धुळे शहरात, १९३२ साली, तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. अहिंसेचे व्रत घेतलेल्या सत्याग्रह्याने रणांगणावर सांगितलेला ग्रंथ बंदिवानांस समजावून द्यावा, हा योग विलक्षण खरा. लोकमान्यांनीही मंडालेच्या बंदिवासातच गीतारहस्य लिहिले व १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. विनोबा पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाचा दृष्टांत देतात. अनेकांस फाशी देणाऱ्या त्या न्यायाधीशापुढे एके दिवशी स्वतःचा पुत्रच आरोपी म्हणून उभा राहतो, आणि त्याच क्षणी त्यास फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचेही तसेच झाले. त्याला हिंसेचा वीट आला नव्हता, स्वजनांचा मोह पडला होता.

आमच्या मते इतिहास लिहिणारा प्रत्येकजण हाच न्यायाधीश आहे. परक्याने गाव लुटले तर तो अत्याचार आणि आपल्या पूर्वजाने लुटले तर ती मोहीम, असे आपण सहज लिहून जातो. शत्रूची माघार म्हणजे पळ आणि आपली माघार म्हणजे गनिमी कावा! तराजू एकच हवा. आपल्या माणसाचा दोष मान्य केल्याने त्याचे शौर्य उणे होत नाही. उलट त्या शौर्यावर परक्याचाही विश्वास बसतो.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची दोन विनवण्या करावयाच्या आहेत. पहिली अशी की, माळ्यावरील गाठोड्यात मोडी कागद, सनदा, जमाखर्चाच्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. जाणकाराकडून त्या वाचून घ्याव्यात. त्यांत घराण्याच्या मोठेपणास बाधक असे काही निघाले तरी ते लपवू नये. दुसरी अशी की, मुलांच्या हाती लढायांचे पुस्तक देताना शेजारी गीतेवरील एखादे पुस्तकही ठेवावे. तलवार कशी चालली हे पहिले सांगेल. ती का उचलली आणि कोणावर उचलली, हे विचारण्याचे धैर्य दुसरे देईल. ज्या घरात या दोन्ही पुस्तकांस जागा आहे, तेथील मुले पूर्वजांचा अभिमान बाळगतील व शेजाऱ्याचा द्वेषही करणार नाहीत, असा आम्हांस भरवसा वाटतो.