कोथुरकाच्या चार सीमा

एका बाजूला उमा नदी, बाकीच्या तीन बाजूंना चिंचापल्ली, बोंथिकवाटक आणि मंडुकिग्राम. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात कोथुरक नावाच्या एका गावाच्या या चार सीमा तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या गेल्या. पत्रे कडीत ओवले, कडीला राजमुद्रा लावली आणि ते दान घेणाऱ्याच्या हाती दिले. राजा होता वाकाटक वंशातला दुसरा प्रवरसेन, राज्याचे दुसरे वर्ष चालू होते आणि आज्ञा निघाली होती नंदिवर्धन या राजधानीतून. दान मिळाले कालुट्टक नावाच्या ब्राह्मणाला. हा ताम्रपट वर्धा जिल्ह्यात, जुन्या हिंगणघाट तहसिलातल्या जांब इथे मिळाला. वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला आणि पुढे १९६३ साली छापलेल्या वाकाटक लेखांच्या आपल्या मोठ्या संग्रहात घेतला.

एखादे गाव आणि ज्या नगरातून त्याचा कारभार चाले ते नगर, दोन्ही एकाच कागदावरून शोधायची संधी फार क्वचित मिळते. इथे ती आहे, फक्त कागदाऐवजी तांबे आहे.

आधी गाव पाहू. उमा म्हणजे हिंगणघाटला वळसा घालून जाणारी वणा नदी, असे मिराशींनी ठरवले. मंडुकिग्राम म्हणजे त्याच नदीच्या काठचे मांडगाव. चिंचापल्लीत तर चिंच उघडच आहे, आणि चिंचेवरून पडलेल्या चिचोल्या विदर्भात पावलोपावली भेटतात. म्हणजे वणेच्या काठी, मांडगावला लागून असलेल्या शिवारात कोथुरक होते, एवढे नकाशावर बोट ठेवून सांगता येते. अशा दानपत्रातला सगळ्यात भरवशाचा भाग मला सीमांचाच वाटतो. वंशावळीत राजा आपल्या पूर्वजांना हवे तेवढे मोठे करू शकतो, पण शेजारच्या गावाचे नाव चुकवून त्याला काहीच मिळणार नसते. सीमा चुकली तर भांडण दुसऱ्याच दिवशी बांधावर येते.

त्याच भागातले दुसरे गाव आणखी आधीच्या ताम्रपटात येते. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला आणि मुलगा दिवाकरसेन लहान होता, म्हणून राज्य तिने चालवले. त्या काळातल्या तेराव्या वर्षी, कार्तिक शुद्ध द्वादशीला, तिने चनालस्वामी नावाच्या आचार्याला दंगुण हे गाव दिले. हा ताम्रपट पुण्यातल्या एका कुटुंबाकडे होता, म्हणून तो पुण्याचा ताम्रपट म्हणून ओळखला जातो. पण त्यातली जमीन पुण्याकडची नाही. दंगुणाच्या एका अंगाला विलवणक आणि दुसऱ्या अंगाला कदापिंजन लिहिले आहे. हिंगणघाटच्या दोन बाजूंना आजही वणी आणि कडाजना ही गावे आहेत. त्यांच्या आधारे मिराशींनी दंगुण म्हणजेच हिंगणघाट असे अनुमान काढले. नावांची ही जोडी मला पटते. एक नाव योगायोगाने जुळू शकते. पण मधल्या गावाच्या दोन्ही अंगांची नावे आपापल्या दिशेला जुळत असतील, तर त्याला योगायोग म्हणणे कठीण जाते.

या दोन्ही गावांना बांधणारा शब्द आहे ‘सुप्रतिष्ठ आहार’. आहार म्हणजे राज्याचा एक विभाग, आजच्या तालुक्यासारखा. दंगुण आणि कोथुरक दोन्ही या सुप्रतिष्ठ आहारात असल्याचे लेख सांगतात. म्हणजे हिंगणघाट-समुद्रपूरचा हा टापू पाचव्या शतकात एक ठरलेला महसुली विभाग होता आणि त्यातल्या गावांची नोंद नंदिवर्धनला होती. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. अलीकडे, २०१५ ते २०१८ या काळात, राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी तिथे उत्खनन केले तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाचा मातीचा मुद्रांक सापडला. तांब्यावर वाचलेले तिचे नाव मातीतही मिळाले.

पण कोथुरकात लोक जगत कसे होते? दान ज्याला मिळाले त्याचे नाव आहे, गाव कसणाऱ्यांचे एकही नाही. तरी ते लेखात आहेत, फक्त उलट्या बाजूने. प्रवरसेनाच्या दानपत्रांत गावाला मिळणाऱ्या सवलतींची एक ठरलेली यादी असते, आणि बहुतेक सवलती ‘अमुक करू नये’ अशा लिहिलेल्या असतात. या गावात राजाचे शिपाई आणि नोकर शिरणार नाहीत. गावाची गाईगुरे आणि बैल फिरत्या अधिकाऱ्यांसाठी धरले जाणार नाहीत. फुले आणि दूध मागितले जाणार नाही. गवत, बसायला कातडे आणि जाळायला कोळसा द्यावा लागणार नाही. मीठ आणि मद्य यांवरचा राजाचा हक्क, खाणींवरचा हक्क इथे लागू नाही. सगळ्या प्रकारच्या विष्टीतून गाव मोकळे आहे.

ही यादी वाचताना मी दर वेळी थांबतो. दान दिलेल्या गावात जे घडणार नाही म्हणून लिहिले आहे, ते दान न दिलेल्या शेजारच्या गावात रोज घडत असणार. नाहीतर माफीला अर्थच नव्हता. चिंचापल्लीत अधिकारी आला की तिथल्या माणसाने बैल सोडून द्यायचे, दूध काढून द्यायचे, गवत द्यायचे, कोळसा पेटवायचा. मांडगावातही तेच. आणि ‘विष्टी’ हा शब्द आपल्याला परका नाही, त्याचीच मराठीत ‘वेठ’ झाली. ज्या शब्दाने पाचव्या शतकातला कारकून फुकटचे श्रम नोंदवत होता, त्याच शब्दाने विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांनी मालगुजाराच्या काळातली आपली कामे सांगितली. कोथुरकाला मिळालेल्या माफीचा फायदा कसणाऱ्याला झाला की कालुट्टकाला, हे मात्र पत्र्यावर लिहिलेले नाही. दूध राजाच्या माणसाऐवजी नव्या धन्याच्या घरी जाऊ लागले असेल, असे मला वाटते.

आता नगर. नंदिवर्धन सापडले, पण पुढे प्रवरसेनाने आपल्या नावाने प्रवरपूर ही नवी राजधानी वसवली. आर्वीकडच्या बेलोऱ्याला मिळालेले त्याचे अकराव्या वर्षाचे ताम्रपट अजून नंदिवर्धनहून निघालेले आहेत. अचलपूरजवळच्या चम्मकचा अठराव्या वर्षाचा ताम्रपट प्रवरपुराहून निघाला आहे. राजधानी या मधल्या वर्षांत हलली असा निष्कर्ष निघतो. मात्र ती कुठे हलली हे चम्मकचा लेख सांगत नाही. त्या दान दिलेल्या गावाची नदी, क्षेत्रफळ, ब्राह्मणांची नावे, राजद्रोह केल्यास दान परत जाईल ही अट, सगळे लेखात आहे. राजधानीबद्दल मात्र ‘प्रवरपुरातून’ एवढा एकच शब्द. ज्याला सगळे ओळखतात त्याचा पत्ता कोण लिहितो?

मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळ धाम नदीवरचे पवनार असे मांडले. नावाचे साम्य हा एक आधार. दुसरा आधार शिल्पांचा. १९३८ साली विनोबा पवनारला राहायला आले. परंधाम आश्रमाच्या शेतात खोदताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांतली एक भरत-राम भेटीची म्हणून आजही आश्रमात पूजली जाते. ही शिल्पे रामाच्या वाकाटककालीन मंदिरातली असावीत, असे मिराशींचे मत. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे पवनारला उत्खनन केले. त्यात वाकाटक काळाच्या खाली आणखी जुनी वस्ती मिळाली आणि वाकाटक थरात आंध्रातल्या विष्णुकुंडी राजांचे नाणे मिळाले. गाव जुने आणि व्यापाराने दूरवर जोडलेले होते, याबद्दल त्यामुळे शंका उरत नाही.

पण जुने गाव म्हणजे राजधानी नव्हे. रामाची भक्ती पवनारलाच होती असेही नाही. प्रभावतीगुप्तेचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीस्वामीच्या पायांशी, म्हणजे रामटेकला, दिला गेला आहे. रामटेकजवळच्या मनसरला मोठी वाकाटक वास्तू उघडी झाल्यावर हान्स बाकर आणि इतर अभ्यासक प्रवरसेनाचे प्रवरेश्वर देवालय तिथे ठेवतात, आणि मग प्रवरपूरही त्याच बाजूला ओढले जाते. दोन्ही बाजू वाचून माझे मत असे आहे: पवनारला वाकाटक काळात भरभराटीचे नगर होते हे सिद्ध आहे, ते प्रवरपूर होते हे सिद्ध नाही. वर्ध्याच्या माणसाला हे कबूल करणे जड जाते, मलाही जाते. पण ज्या कसोटीवर आपण कोथुरक स्वीकारले, तीच कसोटी राजधानीला लावली पाहिजे.

पवनारचे मोठेपण त्याने कमी होत नाही. हजार वर्षांनंतर अकबराच्या दरबारी लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार पवनारच्या नावाने आहे आणि उंचवट्यावरच्या, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या तिथल्या किल्ल्याची नोंद आहे. त्यामानाने वर्धा शहर कालचे. इंग्रजांनी १८६२ मध्ये जिल्हा वेगळा केला आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागेवर ते आखले.

मांडगाव हे नाव टिकले, कडाजना टिकले, चिंच टिकली. कोथुरक मात्र लोकांच्या तोंडून गेले. आपल्याकडे उठून गेलेल्या गावाला रीठ म्हणतात आणि महसुली कागदांत अशी रिठी मौजे नावानिशी असतात. माणूस राहत नसला तरी नाव राहते. मांडगावला लागून वणेच्या काठी ज्यांची शेती आहे, त्यांनी आपल्या शिवारातल्या रिठांची, पांढरीच्या उंचवट्यांची, पांदणींची आणि नाल्यांची नावे एकदा घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारून लिहून ठेवावीत. आणि नांगराला तांब्याचा पत्रा लागला तर तो मोडीत घालू नये, घासून चकचकीतही करू नये. आहे तसा तहसीलदाराकडे किंवा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात न्यावा, आणि तो नेमका कोणत्या बांधाजवळ मिळाला हे सोबत सांगावे.