सावित्रीचे आख्यान आणि वडाचे व्रत

ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमेस महाराष्ट्रात गावोगाव वडाच्या पारावर सुवासिनींची जी दाटी होते, ती पाहणाऱ्यास सावित्री आणि वटवृक्ष यांचे नाते प्रथमपासूनच जडलेले असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु महाभारतातील मूळ आख्यान वाचू गेल्यास त्यात वडाची पूजा कोठेही आढळत नाही. आणि जे आढळते, त्यातील पुष्कळसे आजच्या व्रतात मागे पडले आहे.

जयद्रथाने केलेल्या हरणातून द्रौपदीची सुटका झाल्यावर, तिच्यासारखी पतिव्रता पूर्वी कोणी झाली काय, असे युधिष्ठिराने विचारले असता मार्कंडेय ऋषींनी वनपर्वात हे आख्यान सांगितले आहे. मद्रराज अश्वपतीस १८ वर्षांच्या आराधनेनंतर ही कन्या झाली. तिच्या तेजापुढे मागणी घालण्यास कोणी धजेना, तेव्हा पित्याच्या अनुज्ञेने वृद्ध अमात्यांसह रथात बसून ती स्वतःच वरसंशोधनास निघाली, आणि अंधत्व व राज्यनाश असे दुहेरी संकट कोसळून वनवासी झालेल्या द्युमत्सेनाचा पुत्र सत्यवान यास तिने मनाने वरिले. त्याच्या आयुष्याची मुदत एका वर्षाचीच उरली आहे असे नारदाने बजाविले, पित्यानेही दुसरा वर पाहण्यास सुचविले, तरी तिचा निश्चय ढळला नाही.

ती मुदत संपत आली तेव्हा तिने त्रिरात्र व्रत धरिले, तीन अहोरात्र ती उपोषित उभी राहिली, आणि ठरल्या दिवशी पतीबरोबर अरण्यात गेली. लाकडे फोडता फोडता सत्यवानाचे मस्तक दुखू लागले. तिच्या मांडीवर डोके ठेवून तो निजला, आणि त्याचे प्राण घेऊन यम दक्षिणेकडे चालू लागला. सावित्री त्याच्या मागोमाग निघाली आणि धर्म, सज्जनांची संगती, सात पावले बरोबर चालल्याने जडणारे मैत्र यांविषयी अशा प्रगल्भतेने बोलत राहिली की, यमाने प्रसन्न होऊन एकामागून एक वर दिले : सासऱ्यास दृष्टी, त्याचे गेलेले राज्य, पित्यास शंभर पुत्र, आणि तिला स्वतःला शंभर पुत्र. या चारही वेळी सत्यवानाचे जीवित मागावयाचे नाही, अशी शर्त यमाने घातली होती. पाचव्या खेपेस ती घालावयाची राहिली, हे सावित्रीने तत्काळ हेरले आणि पतीचे प्राण मागून घेतले. मग अंधाऱ्या रात्री तिने फळांची करंडी झाडाच्या फांदीस टांगली, पतीची कुऱ्हाड उचलली, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्यास सावरीत ती आश्रमाकडे निघाली. त्या वाटेवर नाव येते ते पळसांच्या राईचे.

वड या कथेत आला तो व्रतपरंपरेतून. पारंब्या भुईत रुजवून पिढ्यान्पिढ्या टिकणारा हा वृक्ष दीर्घायुष्याचे प्रतीक ठरला, आणि पतीच्या आयुष्यासाठी झगडलेल्या स्त्रीचे स्मरण त्याच्या छायेत व्हावे, हे लोकमानसास साहजिक वाटले. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री याच्या चतुर्वर्गचिंतामणीच्या व्रतखंडात सावित्रीव्रताचे प्रकरण आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने १६१२ साली निर्णयसिंधू रचला, तर पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास धर्मसिंधू सिद्ध केला; आपल्याकडील तिथिनिर्णय पुढे बहुतांशी या दोन ग्रंथांवर चालला. एरवी चतुर्दशीने विद्ध झालेली पौर्णिमा वर्ज्य मानणारे शास्त्रकार सावित्रीव्रतास मात्र तीच ग्राह्य धरतात. उत्तर हिंदुस्थानात हेच व्रत पंधरा दिवस आधी अमावास्येस होते, म्हणजे शास्त्राच्या जोडीस प्रांतोप्रांतीची वहिवाटही तितकीच बलवत्तर राहिली आहे.

त्रयोदशीपासूनच्या तीन रात्रींचा मूळ उपवास आज बहुतेक घरी एका दिवसावर आला आहे. वडाच्या बुंध्यास सुताचे फेरे घालणे, गव्हाने व आंब्याने ओटी भरणे, फणस, केळी, जांभळे अशा ऋतूतल्या फळांचे वाण देणे, हा विधी मात्र आपल्या स्त्रियांनी निष्ठेने जपला, आणि त्यांच्या या निष्ठेमुळेच कित्येक गावांतले जुने वड कुऱ्हाडीपासून वाचले, हा त्यांचा समाजावरील उपकार थोर आहे.

तथापि पातिव्रत्य म्हणजे निमूटपणे सोसणे, असा अर्थ जेव्हा या व्रतास चिकटविला जातो, तेव्हा आख्यानावर अन्याय होतो. महाभारतकारांनी जिला पतिव्रतांमध्ये अग्रस्थान दिले, तिने वर स्वतः निवडला, पित्यापुढे आणि देवर्षीपुढे आपला निर्णय राखला, आणि साक्षात धर्मराजास धर्माच्याच भाषेत जिंकले. तिच्या उपवासास तेज आले ते या बुद्धीमुळे आणि धैर्यामुळे. वडाची पूजा करणाऱ्या प्रत्येक घरी त्या दिवशी हे आख्यान समग्र वाचले जावे आणि मुलींना ते यमाशी झालेल्या संवादासह ऐकवावे. व्रताचा जो अर्धा भाग आपण हरवून बसलो आहोत, तो परत मिळविण्याचा याहून सोपा मार्ग नाही.