करंडक कोणाचा?

'मनुवादाच्या शवपेटीवर शेवटचा खिळा' हे वाक्य आपल्या सभांमध्ये इतके वाजते की ते कुठून आले, असे कुणी विचारतच नाही. शवपेटी हा शब्द इंग्रजीवरून घडवलेला, आणि खिळ्याची कल्पनाही तिकडचीच. ख्रिस्ती बांधव सोडले तर चंद्रपूर-गडचिरोलीत मेलेल्या माणसाला पेटीत घालून खिळे ठोकण्याची रीत कुणाची आहे? आपल्याकडे बांबूची तिरडी. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेव्हा खड्डा खणून, त्यात चंदनाचे तुकडे घालून ती जाळली. स्वतःच्या इतिहासात एवढे जिवंत चित्र असताना आपले वक्ते उसना खिळा का ठोकतात, हे मला कळत नाही.

शवपेटी हा शब्द कारगिलनंतरच्या 'शवपेटी घोटाळ्या'मुळे घरोघरी गेला. गडचिरोलीला त्याची ओळख फार क्रूरपणे झाली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. त्यानंतर ज्यांनी तिरंग्यातल्या पेट्या पाहिल्या, त्यांना या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही. दुसरा शब्द ताबूत. मूळ अरबी, अर्थ तोच, पण मराठीत तो मोहरमच्या मिरवणुकीतून आला. ताबूत थंडावले म्हणजे आवेश ओसरला, असा वाक्प्रचारही आपण करून टाकला.

पण या दोन्ही शब्दांच्या कितीतरी आधीचा एक शब्द आपल्या तोंडी रोज असतो. रणजी करंडक, पुरुषोत्तम करंडक, कुंकवाचा करंडा. करंड म्हणजे मुळात टोपली, डबी. पाली वाङ्मयात अस्थी ठेवण्याच्या डबीला धातुकरंड म्हणतात. इथे धातू म्हणजे लोखंड-तांबे नव्हे, शरीराचे अवशेष. (लेण्यांच्या पुस्तकांत भेटणारा 'दागोबा' हा याच धातुगर्भाचा अपभ्रंश.) पेशावरजवळ १९०८-०९ मध्ये कनिष्काच्या स्तूपात जे पात्र सापडले, त्याच्यावरच्या लेखात 'गंधकरंड' हा शब्द आहे. आत तीन अस्थी होत्या.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आपल्या वैनगंगेच्या पाण्याबरोबर खाली चला. प्राणहितेतून ते गोदावरीला मिळते आणि आंध्रात उतरते. तिथे कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात भट्टीप्रोलू आहे. १८९२ साली तिथल्या स्तूपात निघालेल्या दगडी पेट्यांवर त्या काळची प्राकृत आहे. पेटीला 'मजुस' म्हटले आहे, म्हणजे आपली मंजूषा, आणि आतल्या स्फटिकाच्या डबीला 'समुग'. लेखात दान देणाऱ्या आईबापांचा आणि मुलाचा उल्लेख आहे. साध्या कुटुंबांनी बुद्धाच्या अस्थींसाठी पेटी करून दिली आणि तिच्यावर आपली नावे कोरली. आपल्या राज्यात सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना दगडी पेटीत तांब्याचा करंडक मिळाला. त्यात चांदीचा, त्यात रंगीत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले.

महापरिनिब्बान सुत्तात तर भांड्यांचीच गोष्ट आहे. बुद्धांचा देह लोखंडी तेलदोणीत ठेवला, असे सुत्त सांगते. गुरांना पाणी पाजायची डोणी हा त्याच घरातला शब्द. पुढे अस्थींवरून युद्धाची वेळ आली तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने आठ वाटे केले आणि स्वतःसाठी मोजणीचे रिकामे भांडे मागून घेतले. त्या भांड्यावरही स्तूप झाला.

आता दुसरी बाजू. शतपथ ब्राह्मण सांगते की दैवी लोक मृतांचे ढिगारे चौकोनी करतात, आणि पूर्वेकडचे आसुरी लोक गोल. महाभारताच्या वनपर्वात कलियुगाची लक्षणे सांगताना, लोक देव सोडून 'एडूक' पुजतील, असे भय घातले आहे. एडूक म्हणजे आत हाडे असलेली वास्तू. ज्यांना हाडांचा विटाळ होता, त्यांना स्तूप खुपत होता, याची ही त्यांच्याच ग्रंथातली कबुली आहे. हा विटाळ पुढे कुणाच्या माथी आला, ते सांगायला नको. मर्तिकाची खबर गावोगाव पोचवायची, सरपण वाहायचे, मोबदल्यात मढ्यावरचे कापड घ्यायचे: महारकीतली ही कामे आपल्या आज्या-पणज्यांनी केली आहेत. एका परंपरेत अवशेषाला स्फटिकाची डबी, दुसऱ्या परंपरेत त्याच्याजवळ जाणाऱ्याला गावकुसाबाहेरची जागा.

म्हणून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला बाबासाहेबांच्या अस्थिकलशाची मिरवणूक निघते, तेव्हा 'कलश हा हिंदूंचा शब्द, बदला' म्हणणाऱ्या तरुणांशी माझा वाद आहे. द्रोणाच्या भांड्याची गोष्ट सुत्तात असताना कुंभ-कलश कुणाला आंदण द्यायचे कारण काय? हवे तर धातुकरंडक म्हणा, पण कलशाची लाज नको. बदलायचेच असेल तर आधी गाडीवरचा 'स्वर्गरथ' बदला. पत्रिकेत आपण 'कालकथित' छापतो, जलदान विधी लिहितो, आणि प्रेत मात्र स्वर्गरथातून नेतो.

एक घाई मात्र करू नये. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला उभ्या दगडांवर अवजड शिळा ठेवून केलेली दालने आहेत. नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळे रिव्हेट-कार्नाकने १८६७ मध्ये खणली, त्यांत माणसांबरोबर पुरलेली लोखंडी हत्यारे निघाली. हे सारे बौद्ध होते, असे काही जण व्हॉट्सअपवर ठोकून देतात. लोखंड वापरणाऱ्या त्या माणसांना बौद्ध ठरवायला आपल्याकडे पुरावा नाही. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवलेणी म्हटले गेले, ते आपल्याला टोचते. मग दुसऱ्यांच्या मृतांवर आपले नाव कसे लावायचे? भामरागडात माडिया आजही मृतासाठी दगड उभा करतात. त्या दगडाला माडियात काय म्हणतात, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून आधी वहीत उतरवून घ्या. हिरापूरचा फोटो त्यानंतर टाका.