पाटकरी, मिस्ड कॉल आणि पांझरेचं पाणी



आजचा भाग एका मिस्ड कॉलपासून सुरू करू. रात्रीचे दोन वाजलेत, शेतात थ्री फेज लाईट आलीय. शेतकरी गोधडीतून हात बाहेर काढतो, एका नंबरला रिंग देतो आणि तीन किलोमीटरवरच्या विहिरीतली मोटर सुरू होते. मोबाईल स्टार्टर. खानदेशात आता याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. अंधारात साप-विंचवातून जायची कटकट मिटली, हे चांगलंच झालं. पण या रिंगेने एका माणसाची जागा घेतली, आणि आज मला त्या माणसाबद्दल बोलायचंय. त्याला म्हणायचे पाटकरी.

आपण आहोत धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात. पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर. तिथून पांझरा निघते, पिंपळनेरवरून खाली येते, धुळे शहरातून जाते आणि पुढे तापीला मिळते. साक्री गावाजवळून वाहणारी कान नदीही पांझरेलाच मिळते. या पांझरेवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरम नद्यांवर, पाणी वाटून घ्यायची एक पद्धत चालत आली. तिचं नाव फड. तमाशाचा फड वेगळा, ऊसतोडीचा वेगळा. हा पाण्याचा फड. ही पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी असावी, असं अभ्यासक मानतात. इंग्रजांनी १८८० साली खानदेशचं गॅझेटियर छापलं, त्यात इथल्या बंधाऱ्यांची दखल आहे.

पद्धत कशी होती? नदीवर आडवा दगडी बंधारा. त्याच्या बाजूने निघणारा पाट, कुठे दोन किलोमीटरचा, कुठे थेट बारा. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणाऱ्या सारंग्या. या पाण्याखाली येणारी सगळी जमीन बहुतेक ठिकाणी चार भागांत वाटलेली असायची. एकेक भाग म्हणजे एकेक फड. छोटा फड दहा हेक्टरचा, मोठा दोनशेपर्यंत. आणि एका फडात एकच पीक. एका फडात ऊस ठरला की त्यात तुमचं शेत असो की माझं, सगळ्यांचा ऊस. दुसऱ्यात गहू-हरभरा, तर सगळ्यांचा तोच. पुढच्या वर्षी फेरपालट. कुठल्या फडात काय लावायचं, हे गाव बसून ठरवायचं.

तुम्ही म्हणाल, माझ्या शेतात काय पेरायचं ते गाव कोण ठरवणार? बरोबर आहे. आजच्या माणसाला हे ऐकूनच घुसमटायला होईल. पण यातली मेख ऐका.

जमिनीची वाटणी अशी होती की साधारणपणे प्रत्येकाचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडात असायचा. म्हणजे उसाचा फड कुठलाही असो, त्यात तुमचा वाटा आहेच. आणि दुष्काळाचं वर्ष आलं की? पंच बसायचे, नदीचा अंदाज घ्यायचे आणि सांगायचे की यंदा चारऐवजी दोनच फड भिजतील. उरलेले दोन कोरडे. पण कोरड्या फडात सगळ्यांचाच तुकडा आहे, भिजणाऱ्या फडातही सगळ्यांचाच आहे. त्यामुळे वरच्याचं भिजलं आणि खालच्याचं वाळलं, असं सहसा होत नसे. टंचाई सगळ्यांच्या अंगावर थोडी थोडी यायची. मला विचाराल तर अख्ख्या पद्धतीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच. कुणाच्या चांगुलपणावर काही सोडलेलं नव्हतं, न्याय जमिनीच्या नकाशातच बसवलेला होता.

आता पाटकरी. शेताला पाणी देणं हे शेतकऱ्याचं काम नव्हतंच. तो आपल्या घरी. पाटकरी एका टोकाने सुरुवात करून फडातलं शेत न् शेत भिजवत जायचा. हे शेत पाटलाचं का गरिबाचं, याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं, निदान नसावं अशी अपेक्षा असायची. पाटकऱ्यांवर देखरेख करायला हवालदार. पिकाची राखण करायला, ढोरं आत घुसू नयेत म्हणून जागल्या. या सगळ्यांना मोबदला बहुतेक धान्यात. आणि दर वर्षी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी उतरायचं. जो येणार नाही त्याने दंड भरायचा.

फार गोड चित्र रंगवतोय असं वाटत असेल, तर थांबा. पंचांच्या बैठकीत बाया नसायच्या. जमीनच नाही त्याला फडात वाटा नाही, त्याने पाटकरी किंवा जागल्या व्हायचं. बंधाऱ्याच्या पट्ट्याबाहेर ज्याचं शेत, त्याने आभाळाकडे बघायचं. भांडणं तर होतीच, म्हणून तर पंच होते. म्हणजे ‘पूर्वी माणसं प्रेमळ होती, आता मोबाईलने बिघडली’ हे जे आपल्याला लग्नाच्या पंगतीत ऐकवतात ना, ते मला पटत नाही. माणसं तशीच होती. फरक एवढाच की शेजाऱ्याशी अबोला धरून तुमचा ऊस जगत नव्हता.

मग हे मोडलं कसं? कुणी एकाने मोडलं नाही. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा आला, पुढे महाराष्ट्राचा स्वतःचा १९७६ साली. नदीच्या पाण्यावर सरकारचा हक्क पक्का होत गेला. लाटीपाडा, मालनगाव आणि अलीकडे अक्कलपाडा अशी धरणं तालुक्यात झाली. पाणी कधी सुटणार हे नदीवरून कळायचं, ते आता ऑफिसातून कळायला लागलं. पण माझ्या मते खरा घाव आधी विहिरीवर बसलेल्या इंजिनाने आणि मग विजेच्या मोटरीने घातला. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पंचांची गरज उरली नाही. फडात गहू ठरलाय? ठरू दे, मी कांदा लावीन. तो गाळ काढायला येईनासा झाला. त्याचं बघून दुसरा. पाटकऱ्याचं धान्य थकलं, त्याने दुसरं काम धरलं. काही बंधाऱ्यांवर फड अजून चालतात, हेही सांगायला हवं. पण बाकी ठिकाणी विहीर आटली की बोअर, बोअर आटला की आणखी खोल बोअर. पूर्वी टंचाई आली की बैठक व्हायची, आता बोअरची गाडी येते.

अमेरिकेत रॉबर्ट पुटनम नावाच्या अभ्यासकाने २००० साली ‘बोलिंग अलोन’ हे पुस्तक लिहिलं. लोक बोलिंग खेळतात, पण क्लबात नाही, एकेकटे, अशी त्याची तक्रार. आपल्याकडे लोक पाणी भरतात, पण एकेकटे. उलट स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता शेतकऱ्यांचं पाण्याचं न्यायालय आजही बसतं. युनेस्कोने २००९ साली त्याला वारशाच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल एलिनोर ऑस्ट्रम यांना मिळालं, आणि त्यांनी अभ्यासलेल्या गोष्टींत हे व्हॅलेन्सियाचे पाटही होते. म्हणजे आपल्या पंचांचे चुलतभाऊ तिकडे टिकून आहेत.

आपल्याकडे बैठकीची जागा कागदावर आहे. ग्रामसभा. वर्षातून किमान चार. गणपूर्ती लागते गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीच लागत नाही! नियम बनवणाऱ्याला आधीच माहीत होतं की आपण येणार नाही. २००५ साली पाणी वापर संस्थांचा कायदाही आला. म्हणजे जे काम पंच करत होते, तेच शेतकऱ्यांनी संस्था नोंदवून करावं.

आता एक गोष्ट, जी साक्रीबद्दल बोलताना टाळता येत नाही. १ जुलै २०१८. रविवार, बाजाराचा दिवस. तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सॲपवर आधीच पसरलेली होती. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

राईनपाड्याचा फडाशी थेट संबंध नाही. फड असता तर हे झालं नसतं, असलं काही मी म्हणणार नाही. पण बघा, त्या दिवशी माणसं कमी नव्हती. काही मिनिटांत शेकड्याने जमली. गोसावी दारात येणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट, ती ओळख मात्र त्या गर्दीत कुणाच्या कामी आली नाही. ‘थांबा, आधी विचारू’ असं म्हणणं हे ज्याचं काम आहे आणि ज्याचं सगळे ऐकतील, असा माणूस त्या गर्दीत नव्हता. आणि हे घडलं कुठे, तर ग्रामपंचायतीत.

याच तालुक्यात बारीपाडाही आहे. कोकणा आदिवासींचा छोटा पाडा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकात उजाड डोंगर राखायला घेतला. झाड तोडलं तर दंड, राखणीच्या पाळ्या ठरलेल्या. आज चारशेहून जास्त हेक्टर जंगल उभं आहे, विहिरींना पाणी आलंय. दर वर्षी तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते, तिच्यात पुढे असतात बाया. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. बातम्यांत त्यांचा फोटो आला, पण राखणीची पाळी काही एकट्याने लागत नाही.

घरी खानदेशातले आजोबा असतील तर या आठवड्यात त्यांना एवढंच विचारा: आपलं शेत कुठल्या फडात होतं, आणि पाटकरी कोण होता? नाव आठवलं तर आम्हाला व्हॉइस मेसेज पाठवा. अहिराणीत बोलले तर उत्तमच, पुढच्या भागात ऐकवू.