वेळासची बोलणी

आपल्या बखरी चाळल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. लढायांची वर्णने पानोपानी असतात. तहापूर्वीची बोलणी मात्र दोन ओळींत आटोपलेली. वर्गात इतिहास शिकविताना मला ही उणीव नेहमी जाणवते. म्हणून फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांना मी आज एका बोलण्याचीच हकीकत सांगणार आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात, बाणकोटनजीक वेळास गाव आहे. नाना फडणिसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. पण ही हकीकत नानांची नव्हे, कासवांची!

थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. ती अंडी कोल्हेकुत्री उकरीत, माणसेही नेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होता. पण कायदा काही रात्री वाळूत जागत बसत नाही. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने येथे काम आरंभले, ते गावकऱ्यांशी बोलून. राखणीला गावचीच माणसे घेतली. वाळूतला माग त्यांच्याइतका कोणाला कळणार? अंडी कुंपणात पुरायची, दीडदोन महिन्यांनी निघालेली पिल्ले समुद्रात सोडायची, असा क्रम बसला.

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे घरोघर उतरू लागले आणि त्यांच्या जेवणाखाणाचे पैसे त्या त्या घरी राहू लागले. आता कासव वाचविणे हे परक्याचे काम उरले नाही.

पण बोलणी संपली असे कोणी समजू नये. वनखाते, गाव आणि पाहुणा, तिघांच्या निकडी निराळ्या. अमुक दिवशी पिल्ले निघतीलच असे कोणी सांगू शकत नाही. हे पाहुण्याला निघण्यापूर्वीच कळले पाहिजे. पाहुणे वाढले की किनाऱ्यावर दिवे वाढतात, आणि दिव्याने पिल्लांची वाट चुकते. माझ्या मते खरी कसोटी पुढेच आहे. ज्या घरी पाहुणा उतरत नाही त्या घराला, आणि पहाटे उठून चूल पेटविणाऱ्या बाईला, गावच्या बैठकीत बोलता आले पाहिजे. नाहीतर पैसा येईल, पण गावात फूट पडेल.

वाचकहो, वेळासला अवश्य जा. मात्र आधी विचारून जा, आणि किनाऱ्यावर बॅटरी विझवा.