पॅरामीटरयुक्त क्वेरी

डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत मूल्य थेट न लिहिता त्याची जागा राखून ठेवायची आणि मूल्य वेगळे पाठवायचे, ही पद्धत. पॅरामीटरला मराठीत प्राचल म्हणतात. राखीव जागेची खूण एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीत @ ने, तर ओरॅकलमध्ये : ने सुरू होते.

आज्ञेची रचना आधी ठरते, म्हणून मूल्यात काहीही आले तरी ते मूल्यच राहते. मूल्य आज्ञेच्या मजकुरातच चिकटवले की आज्ञा आणि मूल्य यांतला भेद पुसला जातो. रोमन लिपीत डिसोझा हे आडनाव लिहिताना ‘डी’नंतर येणारे अ‍ॅपॉस्ट्रॉफी हे चिन्ह एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत मजकुराचा शेवट ठरते आणि गोव्यातली किंवा वसईतली साधी नावनोंदणीही अडते. हल्लेखोर याच फटीतून स्वतःची आज्ञा आत घुसवतो. १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ नियतकालिकात या धोक्याचे वर्णन आले होते. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीच्या सुमारे १,५७,००० ग्राहकांची माहिती याच मार्गाने चोरीस गेली.

डेटाबेसमध्येच साठवलेली आज्ञावली, म्हणजे स्टोअर्ड प्रोसीजर, वापरली की आपोआप संरक्षण मिळते, हा समज घातक आहे. प्रोसीजरच्या आतच पॅरामीटरचे मूल्य मजकुरात जोडून नवी आज्ञा बनवली, तर धोका तसाच राहतो. तिथे एसक्यूएल सर्व्हरमधील ‘एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल’ या अंगभूत प्रोसीजरला मूल्ये वेगळी द्यावी लागतात. तक्ता किंवा स्तंभ यांची नावे पॅरामीटर म्हणून देता येत नाहीत; ती मान्य नावांच्या यादीशी ताडून घ्यावीत.

आज्ञा राबवण्यासाठी डेटाबेसने एकदा आखलेली कार्ययोजना पुन्हा वापरता येते, हा आणखी एक लाभ. मात्र पहिल्या मूल्याला सोयीची योजना पुढच्या मूल्यांना कधी फार संथ पडते.